व्हिसा आहे, पण श्रम स्वीकृती कुठे आहे?

वाचकाचे पत्र, थोडक्यात : ठाण्यात राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेने लिहिले आहे. त्यांच्या सोसायटीत चौदा वर्षे रखवालीचे काम करणारे गृहस्थ नेपाळच्या सुदूर पश्चिमेतील अछाम जिल्ह्यातले आहेत. त्यांचा तेवीस वर्षांचा धाकटा भाऊ सध्या ठाण्यातच एका हॉटेलात काम करतो. मुंबईतील एका एजंटाने त्याला दुबईतील गोदामात मदतनिसाचे काम देऊ केले आहे. पगार दरमहा १,२०० दिरहॅम आणि एजंटाचा खर्च १,८०,००० रुपये. व्हिजिट व्हिसावर मुंबईहूनच निघायचे आणि तिथे पोहोचल्यावर कामाचा व्हिसा करून घ्यायचा, असा बेत आहे. नेपाळमधून कायदेशीर मार्गाने जायचे तर सहा महिने मोडतात आणि पैसे तेवढेच जातात, असे एजंट सांगतो. अडचण आलीच तर आधार कार्डावरून भारतीय पासपोर्ट काढून देण्याचीही त्याची तयारी आहे. रखवालदारांनी बाईंकडे ही रक्कम उसनी मागितली आहे. बाई विचारतात : पैसे द्यावेत का? नाही दिले तर ते गावच्या सावकाराकडून घेतील. की शेजारच्या सोसायटीत रखवालदाराची जागा रिकामी असताना, मुलाने इथेच राहावे असे त्यांना समजवावे?

सप्रेम नमस्कार,

तुमच्या पत्रात त्या गृहस्थांचे नाव आहे, त्यांच्या जिल्ह्याचे नाव आहे आणि त्यांच्या आईच्या आजारपणाचाही उल्लेख आहे. ज्या शहरात प्रत्येक नेपाळी रखवालदाराला सरसकट ‘बहादूर’ म्हणून हाक मारली जाते, तिथे चौदा वर्षांत तुम्ही एवढी ओळख जोडलीत, म्हणूनच हा प्रश्न तुमच्यापर्यंत आला. तो तुम्ही केवळ उसनवारीचा प्रश्न म्हणून सोडवू पाहत आहात. मला मात्र वाटते की पैशांकडे वळण्याआधी पत्रात गृहीत धरलेल्या दोन-तीन गोष्टी तपासून पाहायला हव्यात.

पहिले गृहीतक असे, की दुबईचा व्हिसा हातात पडला म्हणजे प्रवास कायदेशीर झाला. नेपाळी नागरिकाच्या बाबतीत हे अर्धेच खरे आहे. त्याला दोन देशांच्या परवानग्या लागतात. ज्या देशात जायचे त्याचा कामाचा व्हिसा ही एक, आणि नेपाळ सरकारची ‘श्रम स्वीकृती’ ही दुसरी. २००७ च्या वैदेशिक रोजगार कायद्यानुसार काठमांडूचा वैदेशिक रोजगार विभाग ही स्वीकृती देतो. ती देण्यापूर्वी कामगाराचा करार पाहिला जातो, त्याला विमा घ्यावा लागतो, प्रस्थानापूर्वीचे अभिमुखीकरण प्रशिक्षण पूर्ण करावे लागते आणि कल्याणकारी कोषात ठरावीक रक्कम भरावी लागते. परदेशात अपघात झाला, अंगावर काढलेला आजार बळावला किंवा मृत्यू ओढवला, तर कुटुंबाला विम्याचे आणि कोषाचे जे साहाय्य मिळते ते या स्वीकृतीला जोडलेले असते. काठमांडूच्या त्रिभुवन विमानतळावर परदेशात कामाला गेलेल्यांच्या शवपेट्या उतरणे हे नेपाळच्या रोजच्या जगण्यातले दृश्य झाले आहे. तरण्याताठ्या माणसाचा झोपेतच मृत्यू झाल्याच्या बातम्या तिथे नव्या नाहीत. ज्या घरातला मुलगा स्वीकृती न घेता गेलेला असतो, त्या घराला अशा वेळी जवळजवळ काहीच हाती लागत नाही.

व्हिजिट व्हिसावर जाऊन तिथेच कामाचा व्हिसा करता येतो, हे एजंटाचे म्हणणे निव्वळ खोटे नाही. संयुक्त अरब अमिरातीत नोकरी देणारी कंपनी रीतसर अर्ज करायला तयार असेल, तर असा बदल होतो आणि अनेकांचा झालाही आहे. अडचण ‘तयार असेल तर’ या शब्दांत आहे. तुमच्या पत्रात एजंटाचे नाव आहे, रक्कम आहे, पगाराचा आकडा आहे. कंपनीचे नाव मात्र कुठेही नाही. व्हिजिट व्हिसाची मुदत संपत येते, कामाचा व्हिसा झालेला नसतो, आणि त्या व्हिसावर काम करणे तिथे बेकायदेशीर असते. मग तो मुलगा मिळेल त्या पगारावर, मिळेल त्या खोलीत राहायला कबूल होतो, कारण तक्रार केली तर पहिला गुन्हेगार तोच ठरतो. आमच्या कोकणातल्या वाचकांना ‘आझाद व्हिसा’, म्हणजे नावापुरता मालक आणि काम स्वतःच शोधायचे असा व्हिसा, हा शब्द पिढ्यानपिढ्या माहीत आहे. रत्नागिरी-चिपळूणकडच्या कित्येक घरांनी त्या स्वातंत्र्याची किंमत मोजलेली आहे.

आता मुंबईहून निघण्याविषयी. परवानाधारक कंपनीने कामगाराला नेपाळच्याच विमानतळावरून पाठवावे, असे नेपाळचा कायदा सांगतो. शिवाय भारतातून आखाती देशांकडे जाणाऱ्या नेपाळी नागरिकाकडे दिल्लीतील नेपाळी दूतावासाचे ना हरकत पत्र मागितले जाते. एजंट जेव्हा ‘मुंबईहून सोपे पडते’ म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ एवढाच, की नेपाळमध्ये जी तपासणी झाली असती ती इथे चुकवता येईल असा त्याचा होरा आहे. ती तपासणी मुलाचा वेळ खाते हे खरे, पण बनावट करार पकडला जाण्याची तीच एक जागा असते.

भारतीय पासपोर्टच्या प्रस्तावावर मात्र मी अजिबात मृदू राहणार नाही. आधार कार्ड हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. भारतात वास्तव्य असलेल्या नेपाळी माणसालाही ते मिळू शकते. त्याच्या आधारे स्वतःला भारतीय म्हणवून पासपोर्ट घेणे हा १९६७ च्या पासपोर्ट कायद्याखाली गुन्हा आहे, आणि शिक्षा भोगायला एजंट नव्हे, तो मुलगा उभा राहील. एखाद्या भल्या माणसाने ‘आपल्याकडे ई-मायग्रेट आहे, तिथे नोंदवू’ असे सुचवले, तर तेही लागू नाही, कारण परदेशी नोकरीला जाणाऱ्यांच्या ऑनलाइन नोंदणीची, १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखालची ती व्यवस्था भारतीय नागरिकांसाठी आहे. परक्या पासपोर्टवर गेलेल्या मुलावर दुबईत संकट आले, तर नेपाळी दूतावास म्हणेल हा आमचा कागदोपत्री कोणी नाही, आणि भारतीय दूतावासात जाण्याची त्याला भीती वाटेल. हा मार्ग सुचवणारा एजंट बाकी कशाबद्दलही विश्वासाला पात्र नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरे गृहीतक खर्चाचे आहे. २०१५ च्या जुलैपासून नेपाळने मलेशिया आणि सहा आखाती देशांसाठी ‘फ्री व्हिसा, फ्री तिकीट’ हे धोरण लागू केले. व्हिसा आणि विमानाचे तिकीट यांचा खर्च नोकरी देणाऱ्याने करायचा आणि नेपाळमधील परवानाधारक कंपनीने, जिला तिकडे ‘मॅनपॉवर’ म्हणतात, कामगाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त १०,००० नेपाळी रुपये घ्यायचे. भारतीय शंभर रुपयांना नेपाळी एकशे साठ हा दर १९९३ पासून स्थिर आहे, म्हणजे ही रक्कम आपल्या ६,२५० रुपयांएवढी होते. तुमच्याकडे मागितलेले १,८०,००० रुपये म्हणजे २,८८,००० नेपाळी रुपये. कायद्याच्या मर्यादेच्या जवळजवळ एकोणतीस पट.

मी तुम्हाला अंधारात ठेवू इच्छित नाही. ही मर्यादा कागदावर जितकी स्पष्ट आहे तितकी व्यवहारात पाळली जात नाही. कित्येक मॅनपॉवर कंपन्या लाख-दीड लाख नेपाळी रुपये घेतात, पावती दहा हजारांची फाडतात आणि कोणी विचारले तर तेवढेच दिले असे सांगण्याची ताकीदही देतात. त्यामुळे ‘पैसे तेवढेच जातात’ हे एजंटाचे वाक्य लोकांना पटते. पण दोन्हीकडे पैसे गेले तरी माणसाची स्थिती सारखी राहत नाही. परवानाधारक कंपनीची अनामत रक्कम सरकारकडे असते, तिच्याविरुद्ध विभागात तक्रार करता येते, प्रकरण वैदेशिक रोजगार न्यायाधिकरणापर्यंत नेता येते आणि करारात लिहिलेले काम मिळाले नाही तर भरपाई मागता येते. परवान्याशिवाय हा धंदा करणाऱ्याला नेपाळी कायद्यात तीन ते सात वर्षांची कैद आणि तीन ते पाच लाख नेपाळी रुपये दंड आहे. मात्र मुंबईत बसलेल्या, पावतीही न देणाऱ्या माणसापर्यंत अछामचे कुटुंब कसे पोहोचणार?

मग ते इथल्याच एजंटाकडे का गेले, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अछाम, बाजुरा, डोटी, बझाङ या जिल्ह्यांतून कामासाठी हिंदुस्थानात येण्याला तिकडे ‘कालापहाड जाणे’ म्हणतात. वडील आले, काका आले, मोठा भाऊ आला. १९५० च्या मैत्री करारामुळे व्हिसा लागत नाही. धनगढी किंवा महेंद्रनगरवरून सीमा ओलांडली की मुंबईचा रस्ता पाठ असतो. या कुटुंबाला ठाणे स्टेशन माहीत आहे, काठमांडूचे वैदेशिक रोजगार विभागाचे दार माहीत नाही. एजंटाने त्यांना लालूच दाखवली असेलही, पण त्याहून अधिक, त्यांच्या ओळखीच्या जगात दुबईचा रस्ता सांगणारा तोच एकटा होता. त्यांची खरी उणीव पैशांपेक्षा या ओळखीची आहे, आणि ती भरून काढणे एका शिक्षिकेला १,८०,००० रुपयांचा धनादेश लिहिण्याहून अधिक चांगले जमेल असा मला विश्वास वाटतो.

तिसरे गृहीतक तुमच्या शेवटच्या प्रश्नात दडलेले आहे : मुलगा इथे राहिला तर सुरक्षित. तुमची माया मला समजते. पण बारा तासांची पाळी, जिन्याखालची खोली, सुटीचा पत्ता नाही, पुष्कळ ठिकाणी भविष्य निर्वाह निधीही नाही, हे आयुष्य त्याने थोरल्या भावाच्या रूपात रोज पाहिले आहे. भारतात येणाऱ्या नेपाळी माणसाला श्रम स्वीकृती लागत नाही, आणि त्यामुळे तिच्यासोबत येणारा विमा व कोष यांचेही संरक्षण त्याला नसते. नेपाळच्या २०२१ च्या जनगणनेत सुमारे बावीस लाख माणसे देशाबाहेर असल्याची नोंद झाली. त्या देशात लाहोरला रणजितसिंहांच्या फौजेत गेलेल्यांवरून ‘लाहुरे’ हा शब्द रुळला आणि परदेशी कमावणाऱ्या प्रत्येकाला तो लागला. जाण्याची इच्छा ही त्या मुलाची चूक नाही, आणि त्याला ‘इथेच बरा आहेस’ म्हणण्याचा अधिकार तुम्हाला वा मला नाही. फक्त तो कोणत्या दाराने जातो याची काळजी आपण करू शकतो.

त्या दाराची ओळख अशी. पासपोर्ट नसेल तर अर्ज अछामचे मुख्यालय मंगलसेन इथल्या जिल्हा प्रशासन कार्यालयातून करता येतो. नेपाळच्या अनेक जिल्ह्यांत आप्रवासी स्रोत केंद्रे आहेत. तिथे कागद तपासून मोफत सल्ला दिला जातो, आणि त्याच्या भागात असे केंद्र असेल तर कोणालाही भेटण्याआधी तिथे जावे. मॅनपॉवर कंपनीकडे परवाना आहे का आणि सांगितलेल्या नोकरीसाठी परदेशी कंपनीने केलेल्या कामगारांच्या मागणीला विभागाची पूर्वस्वीकृती आहे का, हे वैदेशिक रोजगार विभागाच्या संकेतस्थळावर पाहता येते. अशी मागणी वर्तमानपत्रात जाहीर करावी लागते आणि तिच्यासोबत विभागाचा लॉट क्रमांक, म्हणजे त्या मागणीचा नोंदणी क्रमांक, असतो. हे तुम्ही ठाण्यात बसून, मुलाला शेजारी बसवून त्याच्याच फोनवर पाहू शकाल. नेपाळीही देवनागरीतच असल्याने तुम्हाला ते वाचणे फारसे जड जाणार नाही. नोकरी एखाद्या नातेवाइकाने थेट मिळवून दिली असेल, तर मॅनपॉवरशिवाय व्यक्तिगत श्रम स्वीकृती घेण्याचीही सोय आहे. मात्र तिथेही कंपनीचा खरा करार दाखवावा लागतो.

करार हातात आला की त्यात काम कोणते, मूळ पगार किती, जेवण आणि राहणे कोणाकडे, तास किती, हे त्याला कळेल त्या भाषेत वाचायला हवे. २००४ च्या ऑगस्टमध्ये बारा नेपाळी तरुण इराकमध्ये मारले गेले. त्यांतल्या बऱ्याच जणांना घरून निघताना जॉर्डनमधल्या हॉटेलातील काम सांगितले होते. अगदी अलीकडे रशियाच्या सैन्यात दाखल झालेल्या नेपाळी तरुणांपैकी अनेक जण व्हिजिट किंवा विद्यार्थी व्हिसावर घराबाहेर पडले होते आणि २०२४ च्या जानेवारीत नेपाळला रशिया व युक्रेनसाठी श्रम स्वीकृती देणे थांबवावे लागले. ही उदाहरणे मी भीती घालण्यासाठी देत नाही. ‘पोहोचल्यावर बघू’ या शब्दांवर घरून निघालेल्या माणसाला वाटेत कोणीही वळवू शकते, म्हणून देत आहे.

हे पत्र वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी काम करणाऱ्या नेपाळी बाईंना कुवेत किंवा सौदीत घरकामाची नोकरी देऊ केली जात असेल, तर अधिक सावध राहा. २०१७ मध्ये नेपाळने आखाती देशांत घरकामासाठी कामगार पाठवणे बंद केले. त्याने स्त्रिया जायच्या थांबल्या नाहीत. त्यांची वाट दिल्ली-मुंबईकडे वळली आणि त्या अधिक एकट्या पडल्या. मला ही बंदी संरक्षणाची वाटत नाही, पण तिचा परिणाम असा आहे की ‘सगळे कायदेशीर आहे’ म्हणणाऱ्यावर इथे सहज विश्वास ठेवता येत नाही. आणि ज्यांचा माणूस स्वीकृतीशिवाय आधीच गेला आहे, पण आता तिथे रीतसर कामाच्या व्हिसावर आहे, त्यांनी हातपाय गाळू नयेत. अशा कामगारांना नंतर श्रम स्वीकृती देऊन त्यांचे काम वैध करण्याची तरतूद नेपाळमध्ये आहे, आणि तिची चौकशी त्या देशातील नेपाळी दूतावासात करता येते.

आता पैसे. एजंटासाठी देऊ नका, आणि सावकाराकडे जामीनही राहू नका. तिकडच्या गावात शेकडा तीन रुपये महिना हा व्याजाचा दर काही वेगळा मानला जात नाही. त्या दराने १,८०,००० रुपयांवर महिन्याला ५,४०० रुपये निव्वळ व्याज होते, आणि १,२०० दिरहॅम म्हणजे अठ्ठावीस-तीस हजार रुपयांच्या आसपास. पगार दोन महिने लांबला तरी घर गाळात जाते. नाही म्हटले तर ते सावकाराकडे जातील ही तुमची भीती रास्त आहे, म्हणून नुसते नाही म्हणू नका. पासपोर्टचे शुल्क, गावी जाण्या-येण्याचे भाडे, वैद्यकीय तपासणी, एखादे कौशल्य प्रशिक्षण, असे खर्च येतील तसतसे द्या. मॅनपॉवरचे शुल्क भरायची वेळ आली तर ते बँकेतून, कंपनीच्याच नावाने आणि पूर्ण रकमेच्या पावतीवर जाऊ द्या. या सगळ्याची बेरीज मागितलेल्या रकमेच्या एका लहान भागात बसावी. ही उसनवारी थोरल्या भावाच्या पगारातून कापून घेण्याचा विचारही मनात आणू नका. चौदा वर्षांचा संबंध धनको-ऋणकोचा होऊन बसेल. परतफेडीचा एक साधा कागद मुलाच्या नावाने करा, तेवढे पुरे.

प्रशिक्षणाचा उल्लेख मी मुद्दाम केला. मदतनीस म्हणून जाणारा आणि प्लंबर, वेल्डर किंवा वाहनचालकाचे प्रमाणपत्र घेऊन जाणारा, यांच्या पगारात पडणारे अंतर एजंटाच्या कोणत्याही आश्वासनाहून खरे असते. त्याची अभ्यासाची तयारी असेल, तर दक्षिण कोरियाचाही विचार करावा. तिथे कामगार पाठवण्याचा करार २००७ पासून दोन सरकारांमध्ये आहे, मध्ये मॅनपॉवर कंपनी नसते आणि निवडीसाठी कोरियन भाषेची परीक्षा द्यावी लागते. स्पर्धा मोठी आहे, वर्ष-दोन वर्षे जातील, कदाचित जमणारही नाही. पण ज्या सहा महिन्यांचा धाक एजंट घालतो आहे, तेवढ्यात हॉटेलातली नोकरी सांभाळून तो मुलगा बरेच काही शिकू शकेल.

एक गोष्ट पत्र पुन्हा वाचताना जाणवली. त्यात थोरल्या भावाची वाक्ये आहेत, एजंटाची आहेत, तुमची आहेत. ज्याला जायचे आहे त्याचे एकही वाक्य नाही. येत्या रविवारी दोघा भावांना घरी बोलवा. एजंटाकडून कंपनीचे नाव, कराराची प्रत, व्हिसाचा प्रकार आणि नेपाळमधील परवान्याचा क्रमांक या चार गोष्टी लेखी मागायला सांगा. मूळ पासपोर्ट तोपर्यंत एजंटाच्या हाती देऊ नये. आणि थोरला भाऊ चहाचे कप ठेवायला आत गेला असताना धाकट्याला विचारा, की तुला स्वतःला कुठे जायचे आहे आणि तिथे जाऊन कोणते काम करायचे आहे. त्याने काय सांगितले ते मला जरूर लिहा. तोवर एजंटाकडे आगाऊ म्हणून एक रुपयाही जाऊ देऊ नका.